मांगास कोलोराडास पिनोस आल्तोसला का गेला?

जानेवारी १८६३ मध्ये अमेरिकन लष्करातल्या जनरल जोसेफ वेस्ट याने वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात एका कैद्याच्या मृत्यूची हकिगत आहे. कैदी अपाची होता, वय सत्तरीच्या घरात. पहाऱ्यात असताना त्याने तीनदा पळायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या खेपेला पहारेकऱ्यांनी त्याला गोळी घातली, असं त्यात म्हटलं आहे. आदल्याच दिवशी आपल्या पायांनी चालत ताब्यात आलेला, जुन्या जखमेतून उठलेला म्हातारा कडाक्याच्या थंडीत, हत्यारबंद शिपायांच्या गराड्यातून एका रात्रीत तीन-तीनदा पळेल, यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. त्या रात्री तळावर पहारा करणाऱ्या एका सोनेशोधकाने पुढे जे लिहून ठेवलं त्याचा या अहवालाशी काडीचाही मेळ बसत नाही. त्याच्याकडे येऊच.

पण या कैद्याच्या, मांगास कोलोराडासच्या, बाबतीत तो मेला कसा याहून मला दुसरा प्रश्न जास्त सतावतो. तो पिनोस आल्तोसला गेलाच का? मेजवानीला, व्यापाराला, बोलणी करायला म्हणून बोलवायचं आणि मारायचं, हा प्रकार त्याच्या लोकांनी त्याच्या हयातीत एकदा नाही, अनेकदा सोसला होता. जाऊ नकोस म्हणून त्याची स्वतःची माणसं विनवत होती. म्हातारपणी भोळसटपणा आला, असं म्हणून प्रश्न मिटवता येईल. पण त्याचं आयुष्य नीट लावून पाहिलं तर त्या जाण्यामागे एक हिशेब दिसतो, आणि तो हिशेब खुळा नव्हता.

तो जन्मला १७९० ते १७९५ च्या दरम्यान, हीला नदीच्या उगमाकडच्या डोंगरात. आज हा भाग अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्येला येतो. तेव्हा नकाशावर तो स्पेनच्या ताब्यात होता. नकाशावर म्हणण्याचं कारण असं, की स्पॅनिश अधिकाऱ्यांची सत्ता ठाण्यांच्या भिंतींपलीकडे फार जात नसे. हा मुलूख चिरिकाहुआ अपाचींचा. न्यू मेक्सिकोचा नैर्ऋत्य भाग, ॲरिझोनाचा आग्नेय कोपरा आणि सीमेपलीकडच्या सोनोरा व चिवावा या मेक्सिकोच्या प्रांतांचा उत्तर भाग, एवढा त्याचा पसारा. चिरिकाहुआंचे चार मोठे गट होते: चिहेन्ने, चोकोनेन, नेदन्ही आणि बेदोन्कोहे. मांगास जन्माने बेदोन्कोहे. पण नाव कमावलं ते चिहेन्नेंमध्ये, सांता रीताच्या परिसरात. कारण त्याची सासुरवाडी तिथली.

अपाचींमध्ये लग्नानंतर मुलगी सासरी जात नसे, मुलगा जाई. तो बायकोच्या आईवडिलांच्या तळावर राही, त्यांच्यासाठी शिकार करी आणि सासूच्या समोर कधीही येत नसे. सासू दिसली की जावयाने वाट बदलायची, हा तिथला शिष्टाचार. आपल्याकडे जावयाचे जे लाड होतात ते आठवून वाचकाला हसू येईल, पण या पद्धतीचा राजकीय उपयोग मोठा होता. ज्याच्या मुली दूरदूरच्या गटांतल्या कर्त्या पुरुषांना दिल्या, त्याची नाती डोंगररांगा ओलांडून पसरत. मांगासने हे कुणाहीपेक्षा चांगलं साधलं. त्याची मुलगी दोस-ते-से हिचं लग्न चोकोनेनांच्या कोचीसशी झालं. इतर मुली शेजारच्या टोळ्यांच्या नायकांना दिल्याचीही वर्णनं आहेत. सासऱ्याने हाक दिली की जावई माणसं घेऊन येत. विखुरलेल्या चिरिकाहुआंना एकत्र लढायला लावणं एरवी कुणाला जमत नसे.

कारण अपाची नायक म्हणजे राजा नव्हे. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नव्हता, समजवायचा होता. पन्नास-शंभर माणसांच्या तळाने एखाद्याचं ऐकावं ते तो शिकारीत तरबेज, दिलदार आणि बोलायला शहाणा असेल तोवरच. दोन मोहिमा फसल्या की माणसं उठून दुसऱ्याच्या तळावर जात. अशा समाजात वीस-पंचवीस वर्षं ज्याचा शब्द चालला तो माणूस नुसता शूर असून भागणार नव्हतं. शरीरही असं होतं की समोरच्याने दबून जावं: सहा फुटांहून बरीच जास्त उंची, रुंद छाती, भलंमोठं डोकं. त्याला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक गोऱ्या माणसाने या डोक्याचा उल्लेख केला आहे. त्या डोक्याचं पुढे काय झालं ते शेवटी येईल.

चिरिकाहुआंच्या दृष्टीने लूट आणि युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लुटीला चार-सहा-दहा जण जात, आवाज न करता गुरं आणि खेचरं हाकून आणत. रक्त सांडलं तर ते काम फसलं असं समजत. युद्ध मात्र सूडासाठी. आपलं माणूस मारलं गेलं की मेलेल्याचे नातेवाईक पुढाकार घेत, नायक दूरदूरहून माणसं जमवी आणि मारणाऱ्याच्या गावावर चाल होई. स्पॅनिशांना १७८६ नंतर या लुटीवर एक उपाय सापडला होता: अपाचींना ठाण्याजवळ राहू द्यायचं आणि शिधा द्यायचा, मका, मांस, थोडी दारू. तीसेक वर्षं हे बऱ्यापैकी चाललं. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, तिजोरीत खडखडाट झाला, १८३१ पर्यंत शिधा बंद पडला आणि लूट पुन्हा सुरू झाली. मांगास तेव्हा चाळिशीत होता.

मेक्सिकोच्या प्रांतांनी मग डोक्याच्या कातडीला भाव लावला. सोनोराने १८३५ मध्ये, चिवावाने दोन वर्षांनी. अपाची पुरुषाची केसांसकट कातडी आणून दाखवा आणि रोख पैसे घ्या. कातडी लढवय्याची की शेतमजुराची, हे केसांवरून कोण ओळखणार? या धंद्यात उतरलेले कितीतरी जण परदेशी होते. एप्रिल १८३७ मध्ये सोनोरात राहणारा जॉन जॉन्सन नावाचा अमेरिकन व्यापाराच्या मिषाने हुआन होसे कोम्पा या चिरिकाहुआ नायकाच्या तळावर गेला. हुआन होसे लिहायला-वाचायला शिकलेला, मेक्सिकनांशी सलोखा ठेवून असलेला माणूस. जॉन्सनच्या लोकांनी देवाणघेवाण चालू असताना लपवून आणलेली छोटी तोफ डागली. हुआन होसेसह वीसेक अपाची मेले. नऊ वर्षांनी, १८४६ च्या उन्हाळ्यात, जेम्स कर्करने चिवावातल्या गालेआनाजवळ तहाच्या भरवशावर राहिलेल्या सुमारे १३० चिरिकाहुआंची कत्तल केली. यातले अनेक जण दारूच्या धुंदीत झोपेत मारले गेले. त्यांची कातडी चिवावा शहरात मिरवली.

मांगास नावारूपाला आला तो या काळात. सांता रीता देल कोब्रेची तांब्याची खाण त्याच्या मुलखात होती. तिची रसद चिवावाहून येई. अपाचींनी रस्ता तोडला आणि १८३८ मध्ये वस्ती ओस पडली. (आज तिथे एवढी प्रचंड उघडी खाण आहे की जुनं सांता रीता गावच तिच्या खड्ड्यात गेलं.)

त्याच्या राजकारणाची किल्ली मात्र एका फटीत होती. सोनोरा आणि चिवावा हे शेजारी प्रांत एकमेकांना पाण्यात पाहत. अपाची चिवावातल्या हानोस गावाशी तह करत, तिथे शिधा घेत आणि सोनोरातून आणलेली खेचरं तिथल्याच बाजारात विकत. हानोसच्या व्यापाऱ्यांना स्वस्तात माल मिळे, तक्रार कशाला करतील? सोनोराचा जळफळाट होई. मार्च १८५१ मध्ये सोनोराचा लष्करी अधिकारी कर्नल कारास्को प्रांताची हद्द न जुमानता चिवावात घुसला आणि हानोसजवळच्या अपाची तळावर तुटून पडला. पुरुष गावात व्यापाराला गेलेले. तळावर बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्या तळावरचा एक तरुण संध्याकाळी परतला तेव्हा त्याची आई, बायको आणि तीन मुलं मेलेली होती. तो तरुण म्हणजे जेरोनिमो.

जेरोनिमोने म्हातारपणी, १९०५-०६ च्या सुमारास, कैदेत असताना आपली कहाणी सांगितली. साल त्याला नीट आठवत नव्हतं, त्याने १८५८ सांगितलं. पण प्रसंग स्पष्ट आठवत होता. वाचलेले लोक ठरलेल्या जागी अंधारात जमले. मांगास त्यांचा नायक. मेक्सिकोच्या आत खोलवर, चहूकडे शत्रू, ऐंशी लढवय्ये उरलेले, हत्यारं आणि सामान गेलेलं. मांगासने लढायचं नाही असं ठरवलं. प्रेतं तशीच सोडायची, शब्द न बोलता रातोरात उत्तरेकडे निघायचं. त्या माणसांपैकी प्रत्येकाचं कोणी ना कोणी मागे पडलेलं असताना हा निर्णय त्यांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. सूडाची मोहीम पुढच्या वर्षी निघाली, तीही सगळ्या गटांना जाऊन भेटून, नीट तयारीनिशी. मांगासची ओळख करून द्यायला मी कुठल्याही लढाईपेक्षा ही रात्र निवडेन.

अमेरिकन लोक आले ते या पार्श्वभूमीवर. ऑक्टोबर १८४६ मध्ये जनरल स्टीफन कर्नी मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात कॅलिफोर्नियाकडे निघाला होता. वाटेत मांगास त्याला भेटला. मेक्सिकोचा शत्रू तो आपला मित्र, हा साधा हिशेब. अपाचींनी कर्नीला सोनोरा-चिवावावर एकत्र चाल करू असं सुचवलंसुद्धा. कर्नी पुढे निघून गेला. दोन वर्षांनी दोन्ही देशांत तह झाला आणि त्यात एक कलम असं घातलं गेलं की अमेरिकेच्या हद्दीतल्या टोळ्यांनी मेक्सिकोत लूट करू नये याची जबाबदारी अमेरिकेची. काल ज्यांच्याशी लढत होता त्यांचीच आज राखण का करता, हे कोडं अपाचींना काही केल्या उलगडेना. खरं तर त्यात कोडं असं काही नव्हतं. मुलूख घेतला होता, त्याची किंमत कागदावर चुकवली होती.

१८५१ मध्ये नवी सीमा आखायला जॉन बार्टलेट सांता रीताला येऊन राहिला. बार्टलेट पुस्तकांच्या जगात रमणारा गृहस्थ, टोळ्यांच्या भाषांबद्दल त्याला कुतूहल. त्याने मांगासला खास शिवून घेतलेला पोशाख भेट दिला: निळा लांब कोट, आत लाल अस्तर, सोनेरी बटणं. मैत्री चांगली जमली. मग दोन मेक्सिकन मुलगे, अपाचींनी पळवून आणलेले, तळावर आश्रयाला आले आणि बार्टलेटने ते मेक्सिकन अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अपाचींना धक्का बसला. अपाचींच्या तळावर आलेलं मूल काही काळाने कुटुंबातलंच होई, आणि मित्राच्या घरातून मूल उचलून नेणं ही कुठली रीत? अखेर मोबदला म्हणून अडीचशे डॉलरच्या आसपास किमतीचा माल देऊन प्रकरण मिटवलं. पाठोपाठ बार्टलेटच्या एका मेक्सिकन नोकराने भांडणात अपाचीला गोळी घातली. मांगास आणि इतरांनी मागणी केली: खुनी आमच्या ताब्यात द्या, किंवा आमच्यासमोर फाशी द्या. बार्टलेट म्हणाला, त्याच्यावर खटला चालेल, आणि त्याचा पगार दर महिन्याला मेलेल्याच्या आईला मिळेल. त्या आईला पैसे नको होते. काही दिवसांत सीमा आयोगाची खेचरं एकामागून एक नाहीशी होऊ लागली.

एवढं होऊनही मांगास अमेरिकनांना मेक्सिकनांच्या रांगेत बसवायला तयार नव्हता, आणि पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवावं लागतं. जुलै १८५२ मध्ये आकोमाला जाऊन त्याने अमेरिकेशी तह केला. मेक्सिकोतली लूट थांबवा, असं तिथे सांगितल्यावर त्याने मेजवानीला बोलावून तोफ डागल्याची, दारू पाजून गळे चिरल्याची यादी वाचली आणि असल्या लोकांवर चढाई करायची नाही म्हणजे काय, असं विचारलं. पण अमेरिकनांशी केलेला तह त्याने जवळजवळ आठ वर्षं बऱ्यापैकी पाळला. सांता लुसियाच्या झऱ्यांजवळ त्याच्या लोकांनी मका लावला. सरकारचा एजंट मायकल स्टेक बी-बियाणं आणि शिधा देई. शिधा पुरेसा नसे, पण येई. मांगासचं वय साठीच्या पुढे गेलं होतं. झऱ्याकाठी पेरणी करायची, हरणं मारायची आणि अधूनमधून तरुणांनी सोनोराकडे चक्कर टाकायची, असा त्याचा उतारवयाचा बेत असावा.

मे १८६० मध्ये पिनोस आल्तोसच्या ओढ्यात सोनं सापडलं. आपल्याकडे ‘मॅकेनाज गोल्ड’ पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या पिढीच्या डोक्यात अपाची म्हणजे सोन्याच्या दरीचे राखणदार असं चित्र पक्कं बसलं आहे. प्रत्यक्षात सोनं सापडलं हाच या लोकांवरचा घाला होता. काही महिन्यांत शेकडो खाणवाले सांता लुसियापासून हाकेच्या अंतरावर येऊन बसले. शिकार पळाली, लाकूड तोडलं गेलं, दारू आली. इथे एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते: मांगास खाणवाल्यांना दुसरीकडचं सोनं दाखवायला गेला, त्यांना तो डाव वाटला, त्यांनी त्याला झाडाला बांधून आसुडाने फोडून काढलं, आणि या अपमानातून युद्ध पेटलं. गोष्ट जॉन क्रेमोनीची. हा बार्टलेटचा दुभाषी, पुढे लष्करात अधिकारी. १८६८ मध्ये अपाचींवर पुस्तक लिहिलं आणि कुठेही मीठमसाला कमी पडू दिला नाही. मांगासचं सविस्तर चरित्र लिहिणाऱ्या एडविन स्वीनी यांना या फटक्यांना समकालीन पुरावा दिसला नाही. मलाही ही गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते. एका माणसाच्या पाठीवरच्या वळांतून युद्ध निघालं म्हटलं की भूक, जमीन आणि ४ डिसेंबर १८६० ची पहाट यांबद्दल बोलावं लागत नाही. त्या पहाटे खाणवाल्यांच्या एका टोळक्याने मिंब्रेस नदीकाठच्या अपाची तळावर, चोरलेली जनावरं शोधायच्या नावाखाली, हल्ला केला होता.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८६१ मध्ये, जावयाची पाळी आली. लेफ्टनंट जॉर्ज बास्कम याने अपाची खिंडीत कोचीसला तंबूत बोलावलं आणि पळवलेल्या एका मुलाबद्दल, जो कोचीसने नेलाच नव्हता, त्याला अटक करायला निघाला. कोचीसने सुरीने तंबू फाडला आणि निसटला; त्याचा भाऊ आणि पुतणे अडकले. दोन्ही बाजूंनी ओलीस मारले गेले, कोचीसच्या नातलगांना झाडाला फाशी दिली. कोचीसने सासऱ्याला हाक घातली. सप्टेंबरमध्ये दोघांच्या माणसांनी पिनोस आल्तोसवर मोठा हल्ला केला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली होती आणि सैन्य ठाणी सोडून पूर्वेकडे गेलं होतं. आपण यांना हुसकलं, असं अपाचींना वाटलं असल्यास नवल नाही.

जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाची फौज आली. अपाची खिंडीत त्या वैराण प्रदेशातला एक हमखास पाण्याचा झरा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना दगडधोंड्यांनी भरलेले उतार. कॅप्टन रॉबर्ट्‌सचे सव्वाशेच्या आसपास शिपाई चाळीस मैलांची मजल मारून, तहानेने व्याकुळ होऊन तिथे पोचले तेव्हा वरून गोळीबार सुरू झाला. मांगास आणि कोचीस यांनी जागा अचूक हेरली होती. एका गोष्टीचा अंदाज मात्र नव्हता: फौजेजवळ डोंगरी तोफा होत्या. दगडाआड बसलेल्या माणसाला बंदुकीचं भय नसतं. डोक्यावर फुटणाऱ्या गोळ्यापुढे दगड काय करणार? अपाचींना झरा सोडावा लागला. मागे निरोप घेऊन निघालेल्या घोडेस्वारांपैकी जॉन टील या शिपायाचा घोडा पडला. मेलेल्या घोड्याच्या आडोशाने तो कार्बाइन चालवत राहिला आणि त्याने एका उंच अपाचीला टिपलं. बाकीचे अचानक लढाई सोडून त्या माणसाला उचलून नेऊ लागले. टील घोड्याचं खोगीर पाठीवर घेऊन मैलोगणती चालत तळावर आला. जखमी माणूस मांगास होता. त्याला हानोसला नेलं, तिथल्या वैद्याकडून गोळी काढवली. म्हातारा मेला तर गाव उरणार नाही, असं कोचीसने बजावल्याचं सांगतात.

तो वाचला, आणि त्याने शांततेचे निरोप धाडायला सुरुवात केली. का, ते आता अवघड वाटू नये. तोफा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मेक्सिको आणि अमेरिका या दोघांशी एकाच वेळी लढून चिरिकाहुआ टिकणार नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? एकाशी तह करायचा तर कोणाशी? हानोसच्या रात्रीनंतर मेक्सिकनांशी नाही. अमेरिकनांनी आठ वर्षं बियाणं तरी दिलं होतं. त्याच्या हिशेबात चूक एकच होती, आणि ती त्याला कळायला मार्ग नव्हता: माणसं बदलली होती. न्यू मेक्सिकोची सूत्रं आता जनरल जेम्स कार्लटनच्या हाती होती. या कार्लटनने ऑक्टोबर १८६२ मध्ये मेस्कालेरो अपाचींबाबत हुकूम काढला होता की पुरुष दिसतील तिथे मारायचे, बायका-मुलांना कैद करायचं, बोलणी करायची नाहीत. मांगासचा निरोप आला तेव्हा आपला या माणसावर विश्वास नाही, असं त्याने कळवलं. हाताखालचा जनरल वेस्ट साहेबाच्या मनातलं ओळखणारा होता.

अपाचींमध्ये यावर बैठक झाली. व्हिक्टोरियोसारखे तरुण नायक विरोधात होते, जेरोनिमोही. शेवटी असं ठरलं, असं जेरोनिमो सांगतो, की मांगासने काही लोकांसह पुढे जावं. अमेरिकन शब्दाला जागले तर उरलेले मागून येतील. इतरांनी आपल्याजवळची हत्यारं आणि दारूगोळा जाणाऱ्यांना दिला, म्हणजे दगाफटका झालाच तर ते उघडे पडू नयेत.

त्याच वेळी जोसेफ वॉकर नावाचा मुरलेला वाटाड्या सोनेशोधकांचा एक जथा घेऊन त्या भागात आला होता. मुलखातून सुखरूप जाता यावं म्हणून एखादा नायक ओलीस धरावा, असा त्यांचा बेत. कॅप्टन शर्लंडच्या शिपायांची त्यांना साथ मिळाली. १७ जानेवारी १८६३ ला पिनोस आल्तोसला पांढरं निशाण लावलं. शिपाई आडोशाला दडले. पुढे खाणवाले, त्यांचा म्होरक्या जॅक स्विलिंग. मांगास डझनभर साथीदारांसह उतरणीवरून आला. जवळ येताच स्विलिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बंदुका वर झाल्या. साथीदारांना परत पाठवण्यात आलं. जथ्यातला डॅनियल कॉनर हे पाहत होता. त्याने टिपलेला वेश असा: मेक्सिकोत विणलेली काडीची हॅट, चौकडीचा सुती सदरा, लंगोट आणि पोटऱ्यांना घट्ट बसणारे उंच मोकासिन. हॅट त्या डोक्याला फारच लहान होती.

दुसऱ्या दिवशी त्याला मॅक्लेन ठाण्यावर आणलं. ठाणं म्हणजे जळक्या भिंती. वेस्टने सांगितलं की उरलेलं आयुष्य कैदेत काढावं लागेल आणि पळालास तर गोळी. क्लार्क स्टॉकिंग नावाच्या शिपायाने पुढे सांगितलं की वेस्टने पहारेकऱ्यांना वेगळी तंबी दिली होती: सकाळी हा मला मेलेला हवा. त्या रात्री कॉनरकडे तळाच्या एका बाजूचा पहारा होता. थंडी अशी की तो येरझारा घालत होता, शेकोटीपर्यंत यायचं, पुन्हा अंधारात जायचं. शेकोटीजवळ मांगास एका घोंगडीत पडलेला, दोन शिपाई राखणीला. आपण जवळ आलो की शिपाई एकदम गप्प होतात, हे कॉनरच्या लक्षात आलं. मग त्याने अंधारातून पाहिलं: ते संगिनी विस्तवात तापवून म्हाताऱ्याच्या पायांना लावत होते. तो पाय आखडून घेई, पुन्हा पडून राही. मध्यरात्र उलटून गेल्यावर मांगास डाव्या कोपरावर उठला आणि स्पॅनिशमध्ये संतापून म्हणाला की मी काही खेळवायला लहान मूल नाही. दोघांनी बंदुका झाडल्या, मग पिस्तुलं.

सकाळी एका शिपायाने सुरीने डोक्याची कातडी काढली. प्रेत घळीत पुरलं. काही दिवसांनी ते उकरून मुंडकं कापण्यात आलं, मोठ्या भांड्यात उकळण्यात आलं आणि कवटी लष्करी सर्जन डेव्हिड स्टर्जनने ठेवून घेतली. ती पुढे न्यूयॉर्कच्या ऑर्सन फाउलरकडे गेली. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो, असं मानणाऱ्या, त्या काळी जोरात चाललेल्या आणि आज पार निकालात निघालेल्या ‘शास्त्रा’चा फाउलर हा बडा प्रचारक. त्याने कवटी मोजली, चित्रं छापली, धूर्तपणाचा उंचवटा शोधून काढला. स्वतः पांढऱ्या निशाणाखाली पकडल्या गेलेल्या माणसाच्या कवटीत! ती कवटी आजवर सापडलेली नाही. स्मिथसोनियन संस्थेने ती आपल्याकडे नसल्याचं सांगितलं आहे.

मारलं जाणं अपाचींनी एकवेळ समजून घेतलं असतं; ते युद्धात होतं. देहाची अशी विटंबना मात्र वेगळी. मेलेला माणूस ज्या अवस्थेत हे जग सोडतो त्याच अवस्थेत पुढच्या जगात वावरतो, अशी त्यांची श्रद्धा. डोकं नसलेला मांगास कायम डोक्याविना राहणार होता. जेरोनिमोने गोऱ्यांनी आपल्या लोकांवर केलेल्या अन्यायांमध्ये मांगासशी झालेल्या वागणुकीला सर्वांत वरचं स्थान दिलं. अपाचींनी शत्रूच्या प्रेतांची विटंबना करण्याचं प्रमाण यानंतर वाढलं, असं त्यांच्या वंशजांनी सांगून ठेवलं आहे.

जोसेफ वेस्ट १८७१ मध्ये लुइझियाना राज्यातून अमेरिकन सिनेटवर निवडून गेला. स्विलिंगने ॲरिझोनात जुन्या कालव्यांवरून पाणी आणलं आणि त्या पाण्यावर फिनिक्स शहर उभं राहिलं. कोचीस आणखी नऊ वर्षं लढला. व्हिक्टोरियो १८८० मध्ये मेक्सिकोत मारला गेला. कोचीसचा मुलगा, म्हणजे मांगासचा नातू, नायचे १८८६ मध्ये जेरोनिमोबरोबर शरण आला. त्याच साली मांगासचा मुलगा मांगुसही. मांगास कोलोराडासचा म्हणून जो फोटो पुष्कळ ठिकाणी छापला जातो तो या मांगुसचा आहे. नंतर सगळ्याच चिरिकाहुआंना, अमेरिकन सैन्यासाठी वाटाडे म्हणून काम केलेल्यांनासुद्धा, युद्धकैदी म्हणून आगगाडीत भरून फ्लोरिडाला, तिथून अलाबामाला आणि शेवटी ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला नेलं. सुटका झाली १९१३-१४ मध्ये. कैदेच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं तोवर सत्तावीस वर्षांची झाली होती. बरेच जण न्यू मेक्सिकोत मेस्कालेरोंच्या राखीव भूमीवर गेले, थोडे ओक्लाहोमातच राहिले. या राहिलेल्यांची फोर्ट सिल अपाची ही टोळी. तिला न्यू मेक्सिकोत, महामार्गालगतच्या अकेला फ्लॅट्स इथली तीस एकर जमीन २०११ मध्ये राखीव भूमी म्हणून मिळाली. राज्य सरकार तरीही त्यांचं नाव आपल्या टोळ्यांच्या यादीत घ्यायला तयार नव्हतं. त्यासाठी त्यांना २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून आदेश आणावा लागला.